गारुड्याचे बोल

आपल्या समीक्षेत 'गारुड' हा शब्द बराच सैल हाताने वापरला जातो. एखाद्या कवीचे पिढीवर गारुड असते, एखाद्या कादंबरीचे गारुड ओसरत नाही, वगैरे. शब्द मुळात आहे सर्पविषावरच्या मंत्राचा. गरुड हा सापांचा वैरी. त्याच्या नावाने चालणारी विष उतरवण्याची विद्या ती गारुडविद्या आणि ती जाणणारा तो गारुडी. साप खेळवणारा आणि वाट्या-गोळ्यांचा खेळ करणारा या दोघांनाही पुढे मराठीने हेच नाव दिले, कारण पुष्कळदा माणूस एकच असे. 'जादू' हा शब्द फारसीतून आलेला. त्याची नाळ वैदिक 'यातु'शी जुळते आणि यातुधान म्हणजे भय घालणारे अभिचारी. म्हणजे जादू हा शक्तीचा शब्द, गारुड हा उच्चाराचा. गारुड्याच्या हातात काय असते याबद्दल लोकांना अपार कुतूहल. त्याच्या तोंडात काय असते याकडे मात्र साहित्याच्या अभ्यासकांचेही फारसे लक्ष गेले नाही. मला त्याविषयी लिहायचे आहे, आणि तेही एका आडवाटेने: नवशिक्या हौशी माणसाला खेळ लक्षात का राहत नाही, आणि गारुड्याला तो कशाच्या बळावर राहतो?

या प्रश्नाची सुरुवात माझ्यापुरती कोयनानगरला झाली. १९७८ साली मी सातवीत होतो. वडील प्रकल्पावर नोकरीला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आम्हां मुलांना आठवत नव्हता, पण वसाहतीतल्या मोठ्या माणसांची कालगणना 'भूकंपाआधी' आणि 'भूकंपानंतर' अशीच चाले. पावसाळ्यात चार महिने बाहेर पडणे मुश्कील. अशा एका पावसाळ्यात जादूच्या खेळांची एक पातळशी पुस्तिका माझ्या हाती आली. खेळाचे नाव, लागणारे साहित्य, पूर्वतयारी, कृती, रहस्य अशा क्रमाने प्रत्येक खेळ दिलेला. शेजारच्या घरातल्या पाककृतींच्या वहीत आणि या पुस्तिकेत मांडणीचा काही फरक नव्हता. चार महिन्यांत मी त्यातले बाराएक खेळ पाठ केले. पाठ केले म्हणजे रहस्ये पाठ केली.

त्या वर्षीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मला दहा मिनिटे मिळाली. एक प्रेक्षक रुमालात नाणे धरून उभा राहतो. रुमाल झटकला की नाणे नाहीसे. तेच नाणे पुढे मेजावरच्या काडेपेटीतून निघते. रुमालाच्या काठात आधीच एक नाणे शिवून ठेवलेले असते आणि प्रेक्षक कापडावरून चाचपतो ते ते नाणे, एवढेच त्याचे रहस्य. मी मंचावर गेलो, नमस्कार केला आणि सर्वांत आधी काडेपेटी उघडून आतले नाणे दाखवले. मग प्रेक्षकाकडे रुमाल दिला. पुढचे सांगायला नको. एकही रहस्य मी विसरलो नव्हतो. विसरलो होतो तो फक्त क्रम. मुले हसली ती मात्र मनापासून, आणि तेवढे एकच यश त्या प्रयोगाच्या वाट्याला आले.

त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने एक गारुडी वसाहतीत आला. कऱ्हाडकडून चिपळूणला जाणाऱ्या या रस्त्याने, कुंभार्ली घाट उतरण्याआधी, असे लोक दिवाळीनंतर आणि उन्हाळ्याआधी हेळवाक-कोयनानगरला थांबत. त्याच्याबरोबर आठ-नऊ वर्षांचा जमुरा होता. तीन लाकडी वाट्या, चिंध्यांच्या गोळ्या, एक हाड, एक डमरू. जमिनीवर मांडी घालून बसल्या-बसल्या त्याने जो खेळ केला तो पाऊण तास चालला असेल, आणि पाऊण तासात तो एकदाही थांबला नाही. भाषा मराठी, दख्खनी आणि त्याची घरची अशी तिन्ही मिसळलेली. खेळ संपल्यावर लोक पांगले, तो विडी ओढत बसला आणि मी जवळ जाऊन विचारले, "बाबा, एवढं सगळं ध्यानात कसं राहतं?" त्याला प्रश्न बहुधा समजलाच नाही. मग त्याने विडी बाजूला ठेवली आणि रिकाम्या हातांनी, वाट्या पिशवीत गेलेल्या असताना, बोल म्हणायला सुरुवात केली. आणि त्याचे हात चालू लागले. जिथे वाटी नव्हती तिथे ती उचलली जात होती, जिथे गोळी नव्हती तिथे बोटांच्या बेचक्यात ती लपत होती. मी मध्येच म्हटले, "तिसरी गोळी कुठून येते तेवढंच परत म्हणा ना." तो थांबला, चाचपडला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मधूनच त्याला येत नव्हते.

हे मधूनच न येणे मला पुढे अनेक वर्षे पुरले. आपल्यापैकी ज्यांनी पावकी, निमकी, औटकी ओरडून पाठ केली असतील त्यांना हा अनुभव आहे. साडेतीन सक किती, असे एकदम विचारले तर आपण मनातल्या मनात औट एके औटपासून निघून धावत तिथवर जातो. ओळीतला प्रत्येक शब्द पुढच्या शब्दाला हाक मारतो. पण मागच्या शब्दाने हाक मारल्याखेरीज तो स्वतः जागा होत नाही. वेदपठण करणाऱ्यांनी ही अडचण ओळखली होती असे म्हणावे लागेल. क्रमपाठात पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी असे जोड्यांनी म्हणायचे. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट. घनपाठात त्याहून गुंतागुंत. अक्षर न अक्षर जपण्याचे ते साधन होते हे तर खरेच, पण त्याचा आणखी एक परिणाम असा, की साखळीच्या प्रत्येक कडीला मागून-पुढून धरता येते. गारुड्याची साखळी एकाच दिशेने ओढायची होती. त्याला उलट जाण्याची गरज कधी पडणार? खेळ उलटा कोणी मागत नाही.

रिकाम्या हातांची गोष्ट मात्र वेदपाठापेक्षा तबल्याच्या अधिक जवळची आहे. तबल्याच्या तालमीत विद्यार्थी बोल आधी तोंडाने म्हणतो, त्याला पढंत म्हणतात, आणि मग ते बोटांत उतरवतो. बोल हे तालाचे वर्णन नव्हे. कोणत्या बोटाने कुठे आघात करायचा ही आज्ञाच त्या अक्षरात असते. कायदा विसरला तर तबलजी बोटे आठवत नाही, बोल आठवतो. 'बोल' हाच शब्द दोन्हीकडे वापरला जावा हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. गारुड्याची बडबड ही खेळाची झालर नव्हे, ती खेळाची स्वरलिपी आहे. इंग्रजीत जादूगाराच्या या बडबडीला 'पॅटर' म्हणतात आणि तो शब्द 'पाटर नॉस्टर' या लॅटिन प्रार्थनेच्या भराभर पुटपुटण्यावरून आला. तिकडेही म्हणजे मूळ पाठांतरच.

इतिहासात मागे गेले तर या बोलांचा माग खेळांपेक्षा सोपा लागतो. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात ढाल-तलवार घेऊन दोरीने आकाशात चढणारा मायावी येतो. खरा मायावी जमिनीवरच उभा आहे, एवढे सांगण्यापुरता तो दाखला. तत्त्वज्ञाला खेळ हवा होता, बोलांशी त्याला कर्तव्य नव्हते. त्याच्याही आधी, सातव्या शतकातल्या हर्षाच्या 'रत्नावली'त, चौथ्या अंकात एक ऐंद्रजालिक प्रवेश करतो. मोरपिसांचा कुंचा फिरवत तो राजाला विचारतो की काय दाखवू, आणि मग अशक्य गोष्टींची यादी देतो: पृथ्वीवर चंद्र, आकाशात डोंगर, पाण्यात आग, भर दुपारी संध्याकाळ. तो बोलतो प्राकृतात, राजाच्या संस्कृतात नव्हे. प्रत्येक जोडीत एक वस्तू आणि ती जिथे असूच शकत नाही ती जागा. अशी यादी ऐकणाऱ्याला थक्क करते, आणि म्हणणाऱ्याला ती विसरता येत नाही, कारण विरोधाची जोडी अर्धी आठवली की उरलेली अर्धी आपोआप येते. हर्षाने ही लकब रस्त्यावरून उचलली असावी असा माझा तर्क आहे. तो तर्कच आहे.

मराठीत हा माग एकनाथांपाशी ठळक होतो. भारुडांत वासुदेव, जोशी, भुत्या यांच्या बरोबरीने गारुडी आणि डोंबारीही बोलतात. नाथांनी या मंडळींकडून काय घेतले, हा प्रश्न भारुडाचा अभ्यास करताना बहुधा 'रूपक' या एका शब्दात उरकला जातो. रूपक आहेच, पण रूपकाआधी कानावर पडलेली लय आहे. पाहणाऱ्याला साद घालणे, प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देणे, एक-दोन-तीन अशा मोजणीवर पुढचे पाऊल टाकणे, ही सारी गारुड्याच्या तोंडची हत्यारे. सोळाव्या शतकातल्या गारुड्याच्या गोळ्या आणि वाट्या कुठे गेल्या कोणास ठाऊक. त्याच्या बोलण्याची ढब तेवढी भारुडात शिल्लक राहिली, आणि ती राहिली कारण ती लक्षात राहण्यासाठीच घडलेली होती.

नाथांच्याच काळात, तिकडे इंग्लंडात, रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या एका गृहस्थाने १५८४ साली चेटकाच्या समजुतींवर एक मोठा ग्रंथ लिहिला. (दोघांचेही निधन १५९९ चे मानतात. या योगायोगातून काहीही सिद्ध होत नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) चेटकीण म्हणून ज्यांचा छळ होत होता त्यांच्या बाजूने तो लिहीत होता. जे चमत्कार सैतानाचे म्हणून दाखवले जातात ते हातचलाखीने कसे होतात, हे सांगण्यासाठी त्याने गोळ्या, नाणी आणि पत्ते यांचे खेळ उकलून दाखवले. इंग्रजीत जादूच्या खेळांचे एवढे तपशीलवार वर्णन त्याआधी छापले गेले नव्हते. स्कॉटच्या नजरेतून बोल सुटले नाहीत. खेळ करताना कोणते निरर्थक, लॅटिनसारखे ऐकू येणारे शब्द म्हणावेत हेही तो देतो. पण पुढच्या शतकांत त्याच्यातून उतरवून घेणाऱ्यांनी हळूहळू रहस्य ठेवले आणि शब्द गाळले. माझ्या हाती आलेली ती पातळशी पुस्तिका या वंशावळीची शेवटची फांदी होती, हे मला तेव्हा कळण्याचे कारण नव्हते.

गारुड्याच्या बोलांत आणखी एक सोय असते आणि तिच्याकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने निदान एकदा पाहावे. जमुरा चादरीखाली पडलेला असतो. उस्ताद गर्दीतून फिरत कुणाच्या हातातली वस्तू उचलतो आणि विचारतो, आणि चादरीखालून बरोबर उत्तर येते. उत्तर प्रश्नातच असते. 'बोल', 'सांग', 'लवकर सांग', 'बरं, आता सांग' यांतला प्रत्येक शब्द एकेका वस्तूसाठी ठरलेला. पॅरिसच्या रॉबेर-हूदँने १८४६ साली आपल्या मुलाला घेऊन हाच खेळ रंगभूमीवर आणला तेव्हा युरोप चकित झाला. आपल्या आठवणींत तो लिहितो की दुकानांच्या काचेसमोरून चालत जायचे आणि एका दृष्टिक्षेपात किती वस्तू टिपता येतात ते ताडून पाहायचे, असा सराव बापलेकांनी केला. दुकानाची काच त्याला सोयीची होती. आमच्या जमुऱ्याला ती कुठली? त्याचा सराव झाला तो बाजारात, बापाच्या पाठीमागून चालताना. ज्या भाषेत समानार्थी शब्दांचा अर्थ एकच मानला जातो त्याच भाषेत त्यांना वेगवेगळे अर्थ चिकटवून ते उघडपणे बोलायचे, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही तो फरक जाणवू नये, ही शैलीची कसोटी नव्हे तर काय?

इथे अवधानाची परंपरा आठवते, आणि ती आठवली की फरक स्पष्ट होतो. अष्टावधानी, शतावधानी यांचे स्मरण हेच दृश्य असते. मुंबईत १८८६-८७ च्या सुमारास एकोणीस वर्षांच्या रायचंदभाईंनी, म्हणजे पुढे श्रीमद् राजचंद्र म्हणून ओळखल्या गेलेल्या तरुणाने, फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये शतावधान केले आणि वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या गांधींनी त्यांची परीक्षा घेतली. येत होते तेवढ्या परदेशी भाषांतले शब्द त्यांना ऐकवले आणि ते त्याच क्रमाने परत आले, असे आत्मकथेत आहे. तिथे लोक स्मरण पाहायला येत होते. गारुड्याच्या खेळात उलटे. तो काही आठवतो आहे अशी शंका जरी आली तरी खेळ मेला. त्याचे स्मरण इतके आत असले पाहिजे की ते त्याला स्वतःलाही दिसू नये. म्हणून तर माझा प्रश्न त्याला समजला नाही.

मौखिक काव्याच्या अभ्यासकांना यात नवे काही वाटणार नाही. मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातल्या गायकांवर काम केले आणि लॉर्डचे पुस्तक १९६० साली आले, तेव्हापासून हे सर्वमान्य झाले की मौखिक गायक हजारो ओळी जशाच्या तशा पाठ करत नाही. साचेबंद पदबंध आणि ठरलेले प्रसंग हाताशी घेऊन तो दर वेळी काव्य नव्याने रचतो. गारुडी याला अर्धा अपवाद आहे असे मला वाटते. गर्दी कमी असेल, पाऊस येईल, फौजदार दिसेल, तर तो बोल लांबवतो-आखडतो. तिथे तो लॉर्डच्या गायकासारखा. पण गोळी बोटांत जाण्याच्या क्षणाचा शब्द बदलत नाही. तो हललाच तर हात चुकतो. म्हणजे एकाच खेळात सैल वीण आणि घट्ट गाठी दोन्ही आहेत, आणि नवशिक्याने शिकायचे असते ते गाठी कुठे आहेत हे. माझ्या स्नेहसंमेलनात नेमक्या गाठी नव्हत्या. काडेपेटीकडे हात जाण्याआधी 'नाणं गेलं कुठं?' एवढे एक वाक्य माझ्या तोंडी बसलेले असते, तरी पुरे होते. नाणे नाहीसे झाल्याखेरीज ते वाक्य म्हणताच आले नसते.

पुढे कॉलेजात पत्त्यांचा नाद लागला तेव्हा हा धडा मी जाणून वापरला. पत्त्यांचा एक जुना रचलेला जोड आहे. अमेरिकेत सी स्टेबिन्स या नावाने खेळ करणाऱ्या जादूगाराने तो १८९८ च्या सुमारास प्रसिद्ध केला. पण होरात्सिओ गालास्सो या इटालियनाच्या १५९३ च्या पुस्तकात ही कल्पना आधीच आहे. प्रत्येक पुढचे पान आधीच्यापेक्षा तीनने मोठे आणि रंग ठरल्या क्रमाने बदलत जाणारा. इस्पिक एक्का, बदाम चौकी, किलवर सत्ती, चौकट दश्शी, इस्पिक राजा, मग तेरा ओलांडून बदाम तिर्री, असा सगळा जोड फिरतो. प्रेक्षकाने काढलेल्या पानाच्या आधीचे पान दिसले की काढलेले कळते. आकड्यांची बेरीज अवघड नाही. घोटाळा होतो तो रंगांच्या क्रमात. इंग्रजी पुस्तकांत त्यासाठी एक इंग्रजी शब्द दिलेला असतो. तो माझ्या काही जिभेवर बसेना. मग एक दिवस 'इकडे बघा, किती चोख!' हे वाक्य सुचले: इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. शिवाय हे वाक्य मोठ्याने म्हणता येते, पत्ते पंख्यासारखे पसरताना ते म्हणणे शोभते, आणि प्रेक्षक खरोखरच इकडे बघतो. आठवणीची खूण आणि लोकांसमोरचा बोल एकच झाला. त्या दिवशी मला गारुड्याची पद्धत पहिल्यांदा आतून कळली. आपल्याकडे कटपयादी पद्धतीत अक्षरांना अंक देऊन संख्या अर्थपूर्ण शब्दांत साठवत, आणि पाश्चात्त्य स्मरणतज्ज्ञांनी व्यंजनांना अंक देण्याची जी रीत सतराव्या शतकानंतर वाढवली ती याच जातीची. पण या दोन्ही खुणा मनात ठेवायच्या. गारुड्याची खूण चारचौघांत ओरडायची.

मग हे बोल गेले कुठे? गारुडी हळूहळू रस्त्यावरून उठला, आणि त्याला उठवण्यात कायद्याचा हातभार मोठा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींच्या फिरण्यावरच संशयाचा शिक्का मारला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, गेला. १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याची जी व्याख्या केली तिच्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखवणे या मिषाने पैसे घेणेही बसवले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप गेले. (साप गेले याचे दुःख मानण्याचे कारण नाही, टोपलीतल्या सापाचे हाल ज्याने पाहिले आहेत त्याला ते कळेल.) भटक्या जमातींच्या सरकारी यादीत 'गारुडी' हे नाव आहे. यादीत नाव राहते, बोल राहत नाहीत. वासुदेवाची, गोंधळ्याची, पोतराजाची गाणी अभ्यासकांनी टिपून ठेवली, कारण ती 'गाणी' होती. गारुड्याचे बोल ही केवळ फसवणुकीची बडबड ठरली, आणि बडबड कोण उतरवून घेणार?

मराठी मध्यमवर्गापुरती जादू तोपर्यंत नाट्यगृहात गेली होती. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांनी (१९२४–१९८४) तिला तिकीट, पडदा आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. विजय आणि जितेंद्र अशा पुढच्या दोन पिढ्यांनी ती चालवली. रंगमंचावर स्मरणाची वाटणी होते. संगीताचा तुकडा बदलला की साहाय्यकाला कळते, पेटी कधी आणायची ते विंगेतल्या माणसाला ठाऊक असते. जमिनीवर एकटा बसलेला माणूस जे सगळे तोंडात वागवत होता ते दहा जणांत विभागले गेले. ही हानी म्हणून नोंदवत नाही. मोठा खेळ तसाच उभा राहतो. पण घरी बसून शिकणाऱ्या मुलासमोर आता दोनच आदर्श उरले, एक झगमगता मंच आणि एक पातळ पुस्तिका, आणि दोहोंत त्याच्या उपयोगाचे बोल नव्हते.

बोलांची परंपरा पुन्हा भेटली ती अनपेक्षित ठिकाणी, आणि तीही आमच्याच सातारा-सांगली भागात. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, तिचे वार्तापत्र सांगलीहून निघत आले. श्याम मानव यांची अखिल भारतीय समिती त्याआधीची, १९८२ ची. या चळवळीने शिक्षक, विद्यार्थी, कारकून, डॉक्टर अशा साध्या माणसांच्या हाती चमत्कारांचे प्रयोग दिले: जिभेवर जळता कापूर, नारळातून निघणारी करणी, मंत्राने पेटणारा होम. हे सगळे नवशिके. त्यांतल्या कुणाला जादूगार व्हायचे नव्हते. नकळत ते स्कॉटचेच काम करत होते, चमत्कार दाखवून त्याची उकल सांगणे, आणि त्यांच्यापुढे प्रश्नही तोच होता जो माझ्यापुढे सातवीत होता.

नव्वदच्या दशकात पाटण तालुक्यातल्या एका शाळेत मी असा कार्यक्रम पाहिला. होमाचे उदाहरण घ्या. समिधांत पोटॅशियम परमँगनेटची पूड आधीच ठेवलेली असते. तूप म्हणून वरून ओततात ते ग्लिसरीन. दोहोंच्या संयोगाने उष्णता निर्माण होते आणि आग लागते. पण ती लगेच लागत नाही. पूड किती बारीक आहे, हवा किती गार आहे, यावर काही सेकंद अवलंबून असतात, आणि थंडीतल्या सकाळी ती वेळ चांगलीच लांबते. कार्यकर्त्याने ग्लिसरीन ओतले, दोन शब्द म्हटले आणि तो गप्प राहून समिधांकडे पाहू लागला. साठ मुलेही समिधांकडे पाहू लागली. आग पेटली तेव्हा कुणाला आश्चर्य वाटले नाही. सगळे तिची वाटच पाहत होते. त्याच्यानंतर एक वयस्क बाई आल्या, प्राथमिक शिक्षिका असाव्यात. त्यांनी दुसरा होम मांडला आणि ओतल्याबरोबर मंत्र सुरू केला. तो मंत्र म्हणजे पाटण तालुक्यातल्या गावांची नावे होती, संस्कृत वळणाने, अनुस्वार लावून म्हटलेली. हेळवाकम्, मोरगिरीम्, ढेबेवाडीम्. मुले आधी बावरली, मग ओळखू लागली, खुदखुदली, आणि आपल्या गावाचे नाव कधी येते याकडे कान लावून असतानाच ज्वाळा उठली. उकल सांगताना बाईंनी त्याच क्रमाने पुन्हा गावे घेतली: या गावाशी मी पूड दाखवली नाही, या गावाशी ओतले, या गावापर्यंत तुम्ही मला थांबू दिले.

त्यांना मी नंतर विचारले. गावांचा क्रम त्यांनी एसटीच्या थांब्यांवरून घेतला होता. रोज त्या रस्त्याने येत-जात असल्यामुळे तो वेगळा पाठ करावा लागला नाही, आणि कोणत्या थांब्याशी हाताने काय करायचे एवढेच बसवावे लागले. घाईच्या दिवशी एखादा थांबा गाळायचा, गारठा असला तर आडबाजूची दोन-तीन गावे घ्यायची. ज्याला मी गाठ आणि सैल वीण म्हणतो ते त्यांनी कुठलेही पुस्तक न वाचता जमवले होते. जिभेवरच्या कापराच्या वेळीही तसेच. कापूर फार वेळ ठेवता येत नाही, जीभ ओली हवी, चटका लागण्याआधी तो काढायलाच हवा. तिथे त्या आकडे मोजत नसत, मुलांकडून एक घोषणा म्हणवून घेत आणि घोषणा संपली की कापूर खाली. विसरलात तर काय, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मुलं विसरत नाहीत ना."

दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे, त्यातून पैसा मिळवणे हा गुन्हा ठरला. कार्यकर्त्यांचे प्रयोग पुढेही चालू राहिले. त्यांची टिपणे मात्र मी जितकी पाहिली तितकी बहुतेक त्याच जुन्या मांडणीतली होती: साहित्य, कृती, कारण. शास्त्रीय कारण जितके नीट लिहिले जाते तितके त्या बाईंचे थांबे कुणी लिहीत नाही. ते लिहायचे असते हेच कुणाला वाटत नाही, त्यांना स्वतःलाही वाटले नव्हते.

कोयनानगरच्या त्या गारुड्याचे बोल मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवायला बसलो होतो. ती वही अजून आहे. साडेतीन पाने लिहिली आहेत. पहिल्या गोळीचे बोल जवळजवळ पूर्ण आहेत, दुसऱ्या गोळीचे तुटक. जिथे मला अर्थ कळला नाही तिथे मी तेव्हाच्या अकलेने शब्द 'सुधारून' घेतले आहेत, आणि आज ते ओळखू येतात कारण तेवढेच शुद्ध मराठी आहेत. डमरूच्या जागी रेघा मारल्या आहेत. मध्ये मध्ये कंसात 'इथे हात पाहिला नाही' असे लिहिले आहे. तिसरी गोळी कुठून येते, म्हणून ज्या जागी मी त्याला अडवले होते, त्या जागी पान कोरे आहे. त्याने पहिल्यापासून म्हणायला घेतले तेव्हा घरून मला हाक आली आणि तो तिथवर पोचण्याआधी मी निघून गेलो होतो.